इंजिन बदलून झालं, आता एक्सल कुठले घालू?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. गाडी जुनी सुझुकी सामुराई. मूळ १.३ लिटर पेट्रोल इंजिन काढून फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय डिझेल बसवलंय, अडॅप्टर प्लेट लावून मूळ गिअरबॉक्सवरच. बदलाची कागदोपत्री नोंद झाली आहे, त्यामुळे तो विषय इथे नको. टॉर्क साधारण १०० न्यूटन-मीटरवरून २१० वर गेलाय. एक्सल मात्र पुढचा-मागचा दोन्ही मूळचेच. टायर सध्या २८ इंची आहेत, ३३ घालायचेत. मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारी यंत्रणा) येणार हे नक्की. जाणं खडकाळ वाटांवर आणि ओढ्यांच्या पात्रांतून, पण तिथपर्यंत रस्त्याने गाडी चालवतच जायचं. ट्रेलर वगैरे नाही.

एक विचार असा की हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, तेच ठेवून आत क्रोमोलीचे (जास्त चिवट पोलादाचे) शाफ्ट घालायचे. दुसरा, १९७९ ते ८५ दरम्यानच्या टोयोटा हायलक्स पिकअपचे दोन्ही एक्सल भंगारातून आणायचे. तिसरा डाना ४४ (मोठ्या गाड्यांचा दणकट एक्सल), पण तो या एवढ्याशा गाडीखाली कसा दिसेल देव जाणे. खिसा बेताचाच आहे. वेल्डिंग स्वतः करतो, लेथवाला मित्र आहे.

माझा साधा हिशोब असा: टॉर्क दुप्पट झाला तर एक्सलही दुप्पट ताकदीचे हवेत. बरोबर ना?

रिकामटेकडा

पहिल्या रांगेतली खुर्ची अडवतोय. चालू द्या.

क्राऊन_पिनियन

नाही, बरोबर नाही. आकडेच मांडतो.

मूळ इंजिन: १०० गुणिले पहिला गिअर ३.६५, गुणिले लो रेंज (खडकाळ चढासाठीचा जादा सावकाश गिअर) २.२७, गुणिले डिफ (डिफरन्शियल, एक्सलच्या आत दोन चाकांना जोर वाटणारे गिअर) ३.७३. चाकांपाशी सगळे मिळून सुमारे ३०९० न्यूटन-मीटर. नवं इंजिन त्याच गिअरांवर ६४९०. म्हणजे दुपटीहून जास्त. इथवर तुमचं बरोबर.

पण चाकाखालची जमीन तेवढा जोर घेते का? गाडी माणसं-सामानासकट १३०० किलो धरा, खडकावर घर्षणांक ०.८ धरा. चारही चाकं मिळून सुमारे १०,२०० न्यूटनच्या वर जमिनीला ढकलूच शकत नाहीत, त्यापुढे टायर घसरणार. २८ इंची टायर वजनाखाली दबल्यावर त्रिज्या ०.३४ मीटरच्या आसपास राहते. म्हणजे मर्यादा आली ३४७० वर. मूळ इंजिन जेमतेम ३०९० देत होतं, म्हणजे टायर घसरायच्या आधी इंजिनच दम टाकायचं. आता उलट झालंय, टायर आधी सुटणार. ३३ इंची टायरची त्रिज्या ०.४१ धरली तर मर्यादा ४१८० होते.

थोडक्यात, ६४९० हा आकडा एक्सलच्या नशिबी सहसा येतच नाही. नवं इंजिन घालून तुम्ही एक्सलला आधीच टायरच्या मर्यादेपर्यंत नेलंत. त्यापुढचा बोजा टायरचा व्यास, गाडीचं वजन आणि लॉकर ठरवणार, इंजिन नाही. याच गाडीत ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन घातलंत तरी सुका, सरळ चढ चढताना शाफ्टला फारसा फरक कळणार नाही.

लॉकरचं वेगळं बघा. उभ्या चढावर मागचं एक चाक हवेत आणि दुसऱ्यावर ६०० किलो, अशी वेळ येते. साधं डिफ असेल तर हवेतलं चाक फिरत बसेल, शाफ्ट सुखरूप. लॉकर असेल तर सगळा भार त्या एका शाफ्टवर: २८ इंची टायरवर सुमारे १६०० न्यूटन-मीटर, ३३ वर १९३०. आधी टायर ठरवा, एक्सल त्यानंतर.

टॉर्कराव

क्राऊनभाऊ, गणित देखणं आहे, पण ते सावकाश चालणाऱ्या चाकाचं. खडकाच्या खाचेत चाक अडकलं की कसला घर्षणांक ०.८? तिथे टायर घसरायला जागाच नसते आणि इंजिनाचा सगळा जोर शाफ्टच्या बोकांडी बसतो. दुसरं म्हणजे उडी. चाक हवेत गरगरतंय, उजवा पाय खाली दाबलेला, आणि त्याच चाकाने दगड धरला. त्या क्षणी इंजिनाच्या फ्लायव्हीलपासून एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टपर्यंत जे जे फिरतंय त्याची ऊर्जा एका फटक्यात शाफ्टमध्ये उतरते. डिझेलचं फ्लायव्हील जड असतं हे विसरू नका. मी पाहिलेले बहुतेक शाफ्ट असेच गेलेत, निवांत चढताना गेलेला क्वचितच.

क्राऊन_पिनियन

दोन्ही मुद्दे मान्य, आणि दोन्हींत मुख्य गुन्हेगार उजवा पाय. चाक अडकलं की गाडी मागे घ्यायची असते, पाय दाबायचा नसतो. पण माणूस म्हटल्यावर दाबणारच, म्हणून थोडी जास्तीची ताकद ठेवायची. शाफ्टची पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३० मिलिमीटरचा ३३ केला की ताकद ३३ टक्क्यांनी वाढली. म्हणून दोन-तीन मिलिमीटरला हसू नये.

पाटे_आणि_यूबोल्ट

गिअरबॉक्स मूळचाच ठेवलाय यावर कोणी बोललं नाही अजून. आणि सामुराईची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणारी गिअरची पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो आणि केस तीन रबरी माउंटांवर लोंबकळत असते. दुप्पट टॉर्कने ती जागच्या जागी पिळते, रबर फाटतं, मग त्या छोट्या शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) ओरडायला लागतात. चौथा माउंट आधी लावा. खर्च एक्सलच्या मानाने काहीच नाही.

चाकोरीबाहेर

चौथा माउंट इंजिनाबरोबरच लावलाय. गिअरबॉक्स जाईल तेव्हा जाईल, एक जादाचा कपाटाखाली ठेवलाय. (घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.)

रिकामटेकडा

लिहा की. धागा शंभरी गाठेल.

गिअरवाली

मी हायलक्सचे एक्सल सामुराईखाली घातलेत, तेव्हा तुमच्या दुसऱ्या पर्यायावर सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे पुढचं डिफ. दोन्ही गाड्यांत ते उजव्या अंगाला असतं, त्यामुळे पुढचा प्रोपेलर शाफ्ट सरळ रेषेत येतो. जीप चेरोकी किंवा रँग्लरचा पुढचा एक्सल आणलात तर डिफ डाव्या अंगाला, म्हणजे ट्रान्सफर केससकट सगळंच बदला. डाना ४४ घ्यायचाच असेल तर कुठल्या गाडीतला, कुठल्या वर्षीचा, डिफ कुठल्या बाजूला, हे नीट बघून घ्या. नुसतं नाव एक असून भागत नाही.

दुसरी सोय: क्राऊन व्हील (डिफमधलं मोठं दातेरी चाक, त्याला फिरवतो तो लहान पिनियन) ८ इंची, मागचे शाफ्ट ३० स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला ३० खाचांचे. पुढचं आणि मागचं डिफ दोन्ही हाउसिंगमधून अख्खं बाहेर निघतं. क्राऊन-पिनियन, लॉकर, सगळं टेबलावर निवांत जमवायचं आणि मग एकदम आत टाकायचं. गाडीखाली आडवं पडून बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) मोजायची वेळ येत नाही. जुन्या सामुराईत डिफच्या बाजूला २२ स्प्लाइन, नंतरच्यांत २६. तेव्हा क्रोमोलीचे शाफ्ट मागवण्याआधी स्वतःच्या मोजा.

आता त्रास. एक्सल रुंद आहे, चाकं बाहेर येतात, मडगार्ड वाढवावे लागतात. चाकाला सामुराईत पाच बोल्ट, टोयोटात सहा. बोल्टांचं वर्तुळ दोन्हींत मापाने तेच आहे, १३९.७ मिलिमीटर, पण पाचाचं सहा होत नाही, रिम नवीनच घ्याव्या लागतात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड करायच्या, आणि ते करताना पिनियनचा कोन गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, पूर्ण वजनासकट बघायचा. मी आधी नुसते टाके मारले, पाटे बसवले, गाडी खाली उतरवून कोन मोजला, आणि मगच पूर्ण वेल्ड केलं. वेल्डही एका दमात नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये हाउसिंग निवू द्यायचं, नाहीतर नळी केळ्यासारखी वाकते आणि मग मागचे टायर आतल्या अंगाने झिजत बसतात.

चिखलकाला

ताई, डिफचा रेशो काय ठेवलात? ३३ इंची टायर म्हटल्यावर ५.२९ तर हवाच ना?

गिअरवाली

पेट्रोल इंजिन असतं तर हो म्हटलं असतं. हे डिझेल आहे, खालच्या फेऱ्यांत ओढतं. धागाकर्त्याच्या गाडीचा हिशोब बघा. पाचवा गिअर ०.७९५ आणि सामुराईच्या ट्रान्सफर केसची हाय रेंज १.४०९. हाय रेंजमध्येही एकास एक नसते ही या गाडीची गंमत. डिफ ४.१० असेल तर ३३ इंची टायरवर ३००० फेऱ्यांना वेग ताशी १०० च्या आसपास. ५.२९ घातलंत तर त्याच फेऱ्यांना ७७. रस्त्याने जायचंय म्हणतायत, मग ७७ ला कोकलणारं डिझेल ऐकत कशाला जायचं? त्या पिकअपांत ४.१० बऱ्याचदा मूळचाच मिळतो, तेवढे पैसेही वाचले.

शिवाय ५.२९ च्या पिनियनला दात कमी आणि पिनियन बारीक, त्यामुळे तो अशक्त. खडकासाठी सावकाश गिअर हवा तर ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चे गिअर घाला. पहिल्या गिअरात लो रेंजला सगळं मिळून आत्ता ३१ पट होतं, ते ४.१० डिफसकट ६२ पट होईल.

टॉर्कराव

पण ताई, त्यात प्रोपेलर शाफ्टवर भार जास्त पडतो. चाकांना तेवढाच जोर हवा असेल तर डिफच्या रेशोचा आकडा जितका मोठा तितकं प्रोपेलर शाफ्टला हलकं. क्राऊनभाऊंचा ४१८० चा आकडा घ्या. ५.२९ वर प्रोपेलर शाफ्टांना मिळून ७९० न्यूटन-मीटर, ४.१० वर १०२०.

गिअरवाली

बरोबर, पण क्रॉस तुटला तर चिखलात बसून अर्ध्या तासात बदलता येतो. पिनियनचा दात गेला तर गाडी दोराने ओढून आणायची. मी क्रॉस तोडणं पसंत करते.

क्राऊन_पिनियन

हेच लिहायला आलो होतो. काहीतरी तुटणारच, तर काय तुटावं हे आपण ठरवायचं. क्रॉस सगळ्यात स्वस्त, मग एक्सल शाफ्ट, मग क्राऊन-पिनियन, आणि हाउसिंग कधीच नाही. सगळीकडे मूळचा माल ठेवून फक्त शाफ्ट क्रोमोलीचे केलेत तर शाफ्ट वाचतील आणि डिफ जाईल. धागाकर्त्याच्या पहिल्या पर्यायात मला हीच भीती वाटते. आणि ४.१६ चा खरा फायदा ताकदीचा नाहीच. गाडी रांगत जायला लागली की वेग घेऊन उडी मारायची गरज उरत नाही. टॉर्करावांचा तो फटका तिथेच निम्मा होतो.

युनिमोगप्रेमी

पोर्टल एक्सल घाला! व्होल्वो सी३०३ चे. चाकापाशीच गिअर, त्यामुळे शाफ्ट आणि डिफवर भार कमी, आणि एक्सलची नळी चाकाच्या मध्याच्या वर. सगळे प्रश्न संपले.

पाटे_आणि_यूबोल्ट

हो, आणि गाडीही संपली. वजन बघितलंय का त्यांचं? खिसा बेताचा आहे असं वर लिहिलंय.

युनिमोगप्रेमी

स्वप्नाला वजन नसतं काका.

डाना_साठ

माझं सदस्यनाम काहीही असो, या गाडीखाली डाना ६० घालू नका. क्राऊन व्हील ९.७५ इंची, भोपळा (हाउसिंगचा डिफपाशीचा फुगवटा) एवढा खाली येतो की मोठ्या टायरने मिळवलेली उंची तिथेच गेली. पाट्यांखालचं वजन वाढलं की हलक्या गाडीत चाक दगडावर टेकून राहत नाही, उसळतं. डाना ४४ चं ८.५ इंची क्राऊन चांगलं आहे, पण हायलक्सच्या ८ इंचीपुढे एवढ्या वजनाच्या गाडीला त्याने फार काही जास्त मिळणार नाही.

चिखलकाला

पुढच्या जॉइंटांचं काय, चाक वळवलेलं असतानाही जोर पोचवणाऱ्या? बर्फील्ड म्हणतात तेच ना?

टॉर्कराव

तेच. सामुराईतही आणि हायलक्सच्या पुढच्या एक्सलमध्येही, नकलच्या (चाक ज्यावर वळतं त्या भागाच्या) गोलाच्या आत ग्रीसमध्ये बुडलेले. यांचा शत्रू पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग. सरळ चाकात जॉइंट बराच मार खातो, पण शेवटपर्यंत वळवून ॲक्सिलरेटर दिलात की आतल्या गोळ्या पिंजऱ्याच्या काठावर येतात. वळताना टक्-टक् ऐकू आलं की दिवस भरले समजा. पुढे लॉकर घालणार असाल तर हे दुप्पट लागू. गोलावरचं पुसणी-सील चांगलं ठेवा. पाणी आत गेलं की ग्रीसचं दही होतं.

भंगारसम्राट

जुना एक्सल घेताना बघायच्या गोष्टी सांगतो, कारण सगळे रेशोच मोजत बसलेत.

मागचा ब्रेक ड्रम काढायला लावा आणि एक शाफ्ट बाहेर ओढून उन्हात धरा. स्प्लाइनच्या खाचांवर नजर टाका. सरळ असतील तर ठीक. जरा जरी तिरक्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट एकदा मरता मरता वाचलाय. सुंभ जळला नाही, पीळ मात्र पडला. असला शाफ्ट फुकट मिळाला तरी नको. शाफ्ट सरळ असेल तर त्यावर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढे तो बाहेर काढाल तेव्हा रेघ वळली असेल तर वेळेत कळेल.

मग ऑइल. खालचा बोल्ट काढून बोटांत घ्या. करड्या रंगाची बारीक पूड सगळ्यांतच असते. कणी टोचली तर बेअरिंग किंवा दात. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बेअरिंग गंजलेली धरूनच भाव करा. पिनियनचा फ्लँज हाताने पुढे-मागे फिरवा. थोडी ढिलाई हवीच, पण वर-खाली हलला तर बेअरिंग गेलं. शेवटी दोन्ही टोकांना दोरी ताणून नळी वाकलीय का बघा. विकणारा म्हणाला की ‘गाडी कधी ऑफरोड गेलीच नाही’, तर दोरी दोनदा ताणा.

रिकामटेकडा

दोरी विकणाऱ्याभोवती ताणली तर?

चाकोरीबाहेर

क्या बात है. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. माझा मूळ हिशोब मोडीत निघाला हे कळलं. आता नेमकं विचारतो: टायर ३३ ऐवजी ३१ घेतले तर मूळ एक्सल चालतील का? कारण वापराचा प्रामाणिक विचार केला तर ३३ इंचीची हौस जास्त आणि गरज कमी वाटतेय.

क्राऊन_पिनियन

३१ इंची टायरवर, लॉकरसकट, मी वर धरलेल्या वाईट प्रसंगात एका शाफ्टवर सुमारे १८०० न्यूटन-मीटर येतील. २८ वरच्या १६०० पेक्षा जास्त, ३३ वरच्या १९३० पेक्षा कमी. शिस्तीने चालवलीत, ४.१६ चे गिअर आधी घातलेत आणि सुटे शाफ्ट सोबत ठेवलेत तर चालतील. पण पुढेही लॉकर घालायचा मनात असेल तर मूळ एक्सलवर पैसा टाकू नका. तो दोनदा जाईल.

गिअरवाली

सहमत. पुढचा लॉकर येणार असेल तर सरळ हायलक्स. नसेल तर ४.१६, ३१ इंची टायर, मागचा लॉकर, आणि मूळ हाउसिंग.

टॉर्कराव

असहमत, आणि सवयीने नाही. डिझेल जड आहे, ते पुढच्या एक्सलवर बसलंय. पुढचे जॉइंट आधी जातील, लॉकर असो वा नसो. किमान पुढचा तरी हायलक्सचा घ्या.

पाटे_आणि_यूबोल्ट

पुढे सहा बोल्ट आणि मागे पाच? स्टेपनी दोन ठेवणार का?

टॉर्कराव

…हे खरंय. दोन्ही घ्या मग.

चाकोरीबाहेर

पुढे लॉकर आज ना उद्या येणारच, स्वतःला ओळखतो. त्यामुळे दोन्ही हायलक्स, ४.१० चं डिफ असलेलेच शोधणार, आणि सुरुवातीला ३१ वरच राहणार. डाना बाद. गिअरवाली ताई, ब्रेकचं काय केलंत? सामुराईचा मास्टर सिलिंडर (पेडलपाशी ब्रेकचं तेल ढकलणारा) टोयोटाच्या कॅलिपरला (चाकापाशी डिस्क आवळणाऱ्या भागाला) पुरतो?

गिअरवाली

पुरत नाही म्हणजे पेडल फार खाली जातं. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं. जास्त बोअरचा मास्टर सिलिंडर लावा. आणि लवचीक पाइपची लांबी एक चाक पूर्ण लोंबकळत ठेवून मोजा, सपाट जमिनीवर नको. पाटा खाली गेला की आखूड पाइप ताणून निघतो. मागच्या ड्रमचे शू भंगारातलेच ठेवू नका.

चिखलकाला

तुमचे जुने एक्सल विकणार असाल तर पुढचा मला हवाय. माझे टायर २८ च राहणार आहेत.

चाकोरीबाहेर

देतो. दोरी तुम्ही आणा.